उदाहरणादाखल

शुभदाबाई टिपणिसांनी आपल्या इंग्रजीच्या वर्गाला एकच नियम घातला होता, आणि तोच त्यांच्या अंगाशी आला. नियम असा, की दिलेल्या शब्दाचं वाक्य करायचं ते खरं असलं पाहिजे. आपल्या घरातलं, आपल्या दिवसातलं. व्याकरण चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही.

वर्ग म्हणजे फार मोठं काही नव्हतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका देवळाचा मंडप, भिंतीला टेकवलेला एक फळा, आणि दुपारी बाजार आटोपून, अंग धुऊन, केसात वेणी माळून आलेल्या सात-आठ बायका. त्र्याण्णव साली शुभदाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि घरात बसून बसून त्यांना भिंती खायला उठल्या, तेव्हाची ही गोष्ट. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. आईचं करता करता वय गेलं, मग आईही गेली.

वर्गाची कल्पना मंजुळाची. मंजुळा त्यांची नेहमीची कोळीण. टिपणिसांचं घर कायस्थाचं, तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा तरी तिची पाटी त्यांच्या दारात उतरायचीच.

"बाई, माजिवड्याला नवीन टावर झालेत ना, तिथल्या मॅडमना मराठी येत नाय आनि आपलं हिंदी त्यांना कलत नाय," एकदा पापलेटाचे कल्ले उघडून दाखवताना ती म्हणाली. "त्या बोलतात फ्रेश, क्लीन, टुडे नो. मी आपली मान हलवतंय. मना चार शब्द शिकवा की."

"चार शब्द शिकून काय होणार? वाक्यं करायला शिक."

"मग वाक्यं शिकवा. मी एकटी कशाला, आनखी बायका आनतंय."

आणि तिने खरंच आणल्या. शुभदाबाईंनी फी घेणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फुकटचं कुणाकडून घ्यायची त्यांना सवय नव्हती, पण बाईंपुढे बोलायचं कसं?

पहिल्या दिवशीचा शब्द होता 'लिव्ह'. उदाहरण म्हणून आधी शिकवणाऱ्याने वाक्य करायचं, मग बायकांनी. शुभदाबाईंनी नियमाप्रमाणे खरं वाक्य केलं. "आय लिव्ह अलोन." अर्थही सांगितला. मी एकटी राहते.

आवडाबाई म्हणून एक म्हातारी होती, वर्गातल्या सगुणाची सासू. तिला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं, दुपारी सून जिथे जाईल तिथे जायचं एवढाच तिचा कार्यक्रम. ती म्हणाली, "अगं बाय माझे!" आणि अशा नजरेने बघितलं, की शुभदाबाईंचे कान तापले. तीस वर्षं शाळेत पोरं त्यांना चळचळा कापायची. कीव करायची हिंमत कुणाची झाली नव्हती. त्यांनी घाईघाईने फळा पुसला.

बायका मात्र त्या नियमावर खूश झाल्या. खरं बोलायचं, आणि तेही अशा भाषेत की शेजारीण ऐकून गेली तरी काही कळू नये, याच्याइतकी सोय दुसरी कुठली? सगुणाने दुसऱ्याच दिवशी, सासू मांडीला मांडी लावून बसलेली असताना, खणखणीत आवाजात सांगितलं, "माय मदर-इन-लॉ स्लीप्स ऑल डे." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. आवडाबाई अभिमानाने मान डोलवत राहिली. सून इंग्रजी बोलत होती.

कुणाचा नवरा जाळ्याच्या पैशांची दारू पितो, कुणाची जाऊ चोरून दूध पिते, कुणाला पावसाळ्यात बोटी बंद असल्या की माहेरची आठवण येते, असं सगळं हळूहळू त्या मंडपात जमा होऊ लागलं. मराठीत या बायका एकमेकींना असलं काही सांगत नसत. इंग्रजीत सांगायला लाज कमी वाटायची. वाक्य मोडकं असायचं, क्रियापद भलत्या जागी जाऊन बसायचं, पण आतलं माणूस जागच्या जागी असायचं. शुभदाबाई घरी जाताना त्यांच्या त्या वाक्यांवर हसत जायच्या. घरी गेलं की हसू पुरत नसे.

आणि पंचाईत नेमकी इथेच झाली. रोज नवा शब्द, म्हणजे रोज बाईंचं एक नवं खरं वाक्य. एकट्या बाईच्या घरात वाक्यं असून असून किती असणार? मी सकाळी चहा पिते. मी संध्याकाळी तलावपाळीला फिरायला जाते. मी रेडिओ ऐकते. आठ-दहा दिवसांत त्यांचा सगळा संसार फळ्यावर लिहून झाला. पुढचा शब्द 'ब्रदर' होता. त्यांनी लिहिलं, "माय ब्रदर लिव्ज इन बडोदा." हे खरंच होतं. आनंद, त्यांचा धाकटा भाऊ, बडोद्याला होता.

"येतात का तुमच्याकडे?" मंजुळाने विचारलं.

"येतो तर."

हे मात्र खरं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आनंद दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर सगळं उरकलं होतं. दारातच पिशवी हातात धरून तो म्हणाला, "माझ्यासाठी थांबायचं तरी होतं, ताई." दोन वर्षं आईची अंथरुणातली सेवा करून शुभदाबाई पार पिळून निघाल्या होत्या. भरल्या घरात, नातेवाइकांसमोर त्या म्हणाल्या, "ती जिवंत होती तेव्हा कोण थांबलं होतं?" आनंदने दिवसवार केले, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि गेला तो गेला. त्यानंतर ना फोन, ना भाऊबीज. बोलल्या ते अक्षरशः खरं होतं, तेवढंच काय ते समाधान त्यांच्यापाशी उरलं होतं.

पण वर्गात आनंद येऊ लागला. 'लाइक' शब्दाला आनंदला खाडीतला जिताडा मासा आवडत असे, आणि हे खरंच होतं. 'आस्क' शब्दाला तो फोनवर ताईची तब्येत विचारत असे. 'ब्रिंग' शब्दाला तो बडोद्याहून चिवडा आणत असे. बायकांना भावाचं इतकं कौतुक, की आनंदचं वाक्य आलं की त्या सरसावून बसत. आवडाबाईसुद्धा आता शुभदाबाईंकडे कीव न करता बघू लागली होती. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने ते बोलायला घेतलं, की त्याला थांबायचं कुठे हे समजत नाही. शिवाय शुभदाबाईंच्या मते ते खोटं नव्हतंच. ते उदाहरण होतं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शब्द होता 'बिकॉज'. सगुणाचं झालं, बाकीच्यांची झाली. मंजुळा मान खाली घालून बसली होती. तिची मुलगी नीला डोंबिवलीला दिली होती. जावई कुठल्याशा कचेरीत कारकून, मोठ्या सोसायटीत ब्लॉक, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मंजुळा लेकीबद्दल बोलायची ती ब्लॉकबद्दल, बाल्कनीबद्दल. त्या दिवशी ती उभी राहिली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"माय डॉटर डझ नॉट कॉल मी टू हर हाऊस, बिकॉज आय स्मेल."

कुणी हसलं नाही. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. मंजुळा उभीच होती आणि शुभदाबाईंकडे बघत होती. वाक्यात एकही चूक नव्हती.

माझ्याकडेही कोणी येत नाही गं, एवढं शुभदाबाई म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं. मराठीत म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण पहिल्या दिवशीची आवडाबाईची ती नजर त्यांना आठवली. त्या म्हणाल्या, "करेक्ट. बस." आणि मंडपातली ती शांतता त्यांना सोसेना, म्हणून पुढचा शब्द 'कम' फळ्यावर लिहून वाक्यही स्वतःच करून टाकलं. "माय ब्रदर इज कमिंग फॉर भाऊबीज."

सगळ्या वर्गाला सुटल्यासारखं झालं. भाऊ येणार, भाऊ येणार! मंजुळानेही डोळे पुसले आणि हसली. "मग त्यांना जिताडा घालायलाच पायजे बाई. तुमी काय आनू नका. आमी आनतंव. एवढे दिवस शिकवलंत, काय घेतलं नाय आमच्याकडून."

नको नको म्हणायला हवं होतं तितकं शुभदाबाई म्हणाल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळी त्या फोनपाशी बसल्या. नंबर पाठ होता. करावा आणि खरंच बोलवावं, म्हणजे सगळंच निस्तरेल, असं त्यांनी ठरवलं. पण पहिलं वाक्य काय बोलायचं? 'आनंद, मी ताई' इथपर्यंत ठीक. त्याच्यापुढे? 'चुकलं माझं' म्हणावं तर त्या चुकल्या होत्या असं त्यांना वाटत नव्हतं. 'ये' म्हणावं तर सहा वर्षं का म्हटलं नाही? जन्मभर पोरांकडून वाक्यं करून घेतलेल्या बाईला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या भावाशी बोलायला एक वाक्य जुळेना. फोनवर क्रोशाचा रुमाल टाकून त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला.

भाऊबीजेला सकाळी त्यांनी घर पुसून काढलं, बाहेरच्या खोलीतली चादर बदलली, ठेवणीतली साडी नेसली. कुणासाठी, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. अकराच्या सुमाराला बेल वाजली तेव्हा, खोटं कशाला सांगा, त्या जवळजवळ धावतच दाराशी गेल्या.

दारात मंजुळा आणि आवडाबाई होत्या. दोघींनी लग्नाला निघाल्यासारखी नवी लुगडी नेसली होती, गळ्यात सोनं होतं. मंजुळाच्या हातातल्या टोपात साफ करून, तुकडे करून, हळद-मीठ लावलेला जिताडा होता. खाडीत आता जिताडा मिळतो कुठे? कारखान्यांच्या पाण्याने खाडी केव्हाच नासली. मंजुळाचा दीर त्यासाठी पार घोडबंदरकडे गेला होता, हे आवडाबाईने आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं.

"आयला का भाऊस?" आवडाबाईने विचारलं.

"नाही अजून. गाडी लेट आहे."

"मग बसतंव आमी," म्हणून म्हातारीने फतकल मारली. मंजुळाही बसली. तिचा स्वतःचा भाऊ संध्याकाळी यायचा होता, तोवर ती मोकळी होती. शिवाय तिला भावाला बघायचंच होतं. चार वाक्यं तिने खास पाठ केली होती. "वेलकम टू ठाणे. हाऊ वॉज युवर जर्नी? युवर सिस्टर इज अ गुड टीचर. वुई आर हॅपी." ती पुनःपुन्हा म्हणून बघत होती, आणि 'जर्नी' नीट येतं का ते शुभदाबाईंना विचारत होती. शुभदाबाई नीट येतं म्हणून सांगत होत्या.

चहा झाला. फराळाचं झालं. आवडाबाई भिंतीला टेकून पेंगायला लागली. शुभदाबाई दोनदा उगाच खिडकीपाशी जाऊन आल्या. कंटाळून या दोघी जातील, मग उद्या सांगू की तो दुपारी येऊन गेला, असा त्यांचा बेत होता. पण ज्यांचं सगळं आयुष्य होड्यांची वाट बघण्यात गेलं, त्या बायका गाडी लेट आहे म्हणून उठून जातील हे त्यांना कसं काय वाटलं, देव जाणे.

"बाई," शेवटी मंजुळाच म्हणाली, "इतका टाइम कसा? तुमी बडोद्याला फोन लावा ना. वहिनी असतील घरी. निघाले कवा ते तरी कलेल."

"लागत नाही फोन."

"लावला कुठं तुमी? लावून बघा." मंजुळा उठली, फोनवरचा रुमाल काढून तिने घडी करून बाजूला ठेवला आणि रिसीव्हर उचलून शुभदाबाईंपुढे धरला. त्यातली घूं घूं साऱ्या खोलीत ऐकू येत होती.

शुभदाबाईंनी हात पुढे केला नाही. मंजुळा बघत राहिली. मासळीवाल्या बाईला समोरच्याचा चेहरा वाचावाच लागतो. तिने रिसीव्हर हलकेच परत ठेवला.

"बरं नाय का त्यांना?"

"बरा आहे," शुभदाबाई म्हणाल्या. "तो येणार नाही. मी बोलावलंच नाहीये. सहा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही."

"मग वर्गात बोल्लात ते?"

"ते... ते नुसतं वाक्य होतं, मंजुळा. उदाहरणादाखल."

तोंडातून गेलं ते गेलं. अगदी हळू आवाजात, आवडाबाईची झोप मोडू नये म्हणून असेल, मंजुळाने विचारलं, "आनि माझं?"

ती रागावून चार शब्द बोलली असती तर शुभदाबाईंनी ऐकून घेतले असते, रडल्या असत्या, पाय धरले असते. मंजुळा रागावली नाही. तिने आवडाबाईला दंडाला धरून उठवलं, "चल मावशे, भाऊस नाय येत, कामात हाय," असं सांगितलं आणि दारात चपला घालताना म्हणाली, "जिताडा करून खा बाई. ठेवू नका, ऱ्हात नाय तो." टोप ती विसरली नव्हती, मुद्दाम ठेवून गेली होती.

शुभदाबाईंनी जिताड्याची आमटी केली. दोन माणसांना पुरून उरली असती. एकट्याच जेवायला बसल्या. आमटी चांगली झाली होती, आणि ती चांगली झाल्याचंच त्यांना फार वाईट वाटलं. त्या ताटावर बसून खूप रडल्या. सहा वर्षांत आनंदसाठी रडल्या नव्हत्या इतक्या त्या दिवशी मंजुळासाठी रडल्या.

दिवाळीनंतर वर्गाला कोणी फिरकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तरी त्या गेल्या. बघतात तो सगळ्या हजर. मंजुळा पुढेच बसली होती. सगुणाने करंज्यांचा डबा पुढे केला. आवडाबाई नेहमीच्या खांबाला टेकली होती. कुणी भावाचं नाव काढलं नाही, कसली चौकशी नाही, टोमणा नाही. शुभदाबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी खडू उचलून फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'हाऊस' लिहिलं.

सगुणा उभी राहिली. "राम हॅज अ बिग हाऊस."

"कोण राम?" शुभदाबाईंनी हसून विचारलं. "तुझा दीर?"

"कोन नाय बाई," सगुणा म्हणाली. "असाच."

पुढची उठली. सीताज हाऊस इज क्लीन. तिच्या पुढची. द किंग लिव्ज इन अ हाऊस. एकही चूक नाही. वाक्यं कशी घासूनपुसून लख्ख, आणि आत चिटपाखरू नाही. कोणी हसत नव्हतं, कोणी पदर तोंडाला लावत नव्हतं. बायका शहाण्या मुलींसारख्या उभ्या राहत होत्या, वाक्य म्हणत होत्या आणि खाली बसत होत्या. शुभदाबाई प्रत्येकीला "करेक्ट" म्हणत होत्या आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता.

त्यांनी फळा पुसून 'संडे' लिहिलं. मंजुळाची पाळी आली.

"गीताज डॉटर कम्स होम एव्हरी संडे," ती म्हणाली. बाईंकडे न बघता, फळ्याकडे बघून म्हणाली.

"करेक्ट," शुभदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी खडू खाली ठेवला. हात पांढरे झाले होते ते पदराला पुसले. वर्गात पहिलं वाक्य शिकवणाऱ्याने करायचं असतं आणि आज आपण ते केलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या बायकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"नोबडी कम्स टू माय हाऊस ऑन संडे," त्या म्हणाल्या. "माय ब्रदर डझ नॉट कम. आय वॉज अशेम्ड, सो आय टोल्ड यू अ लाय. आय अॅम सॉरी, मंजुळा."

सगुणा नखाने जमिनीवर रेघा ओढत राहिली. एवढ्या दिवसांत या बायकांना इतकं इंग्रजी नक्कीच कळत होतं. शुभदाबाईंनीच शिकवलं होतं ते.

बाईंचा आवाज शेवटी चिरकल्यासारखा झाला, म्हणून असेल, आवडाबाई खांबापासून जरा पुढे सरकली. "काय गं, काय बोल्ली बाय?" तिने मंजुळाला विचारलं.

"काय नाय, मावशे," मंजुळा म्हणाली. "वाक्य हाय नुसतं." आणि मग फळ्याकडे बघत, अगदी आदराने, "बाई, पुढचा शब्द द्या."